सुभद्राबाईंचा डावा डोळा

परळच्या नेत्रपेढीत मनवाने जेवणाचा डबा उघडला आणि फोन वाजला. करी रोडच्या चाळीतल्या सुभद्राबाई दुपारी बाराला गेल्या होत्या. त्यांचा मुलगा रघुवीर बोलत होता.

"पंखा बंद करा, डोळ्यांवर ओला कापूस ठेवा. आलेच मी," म्हणत तिने डबा तसाच झाकला. सहा तासांच्या आत काम उरकावं लागतं. सात वर्षं ती हेच करत होती.

चाळीला खेटून टॉवर उभा राहिल्यापासून तिसऱ्या मजल्यावर भर दुपारीही दिवा लागे. दारातच रघुवीरच्या आत्या, रमाबाई, आडव्या आल्या.

"डोळे काढलंस तर पुढल्या जन्मात आंधळी येतली गो माझी वहिनी!"

सून दुर्गाने त्यांचा हात धरला. "आत्या, सासूबाईंचा डावा डोळा तरी त्यांचा कुठे होता?" मग ती मनवाला म्हणाली, "गिरणीत असताना डोळ्यात काहीतरी उडालं होतं, ताई. तीस वर्षांपूर्वी कुणाचा तरी बसवला, म्हणून दिसायला लागलं. कुणाचा, ते कधी कळलंच नाही. पण दर सर्वपित्रीला त्याच्या नावाने एक पान वाढायच्या. म्हणायच्या, माझ्यामागे कुणालातरी द्या."

रमाबाई दारातून बाजूला झाल्या. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "आण तो कागद. मी करतंय सही."

मनवाने सुभद्राबाईंच्या खोलीत शिरून आतून कडी लावली. खिडकी झाकली, हातमोजे चढवले. डावा डोळा उघडून पाहिला. बुबुळावर जुन्या कलमाची बारीक पांढरी कडा होती. बुबुळावरचा असा एकदा बसवलेला पारदर्शक पडदा पुन्हा कुणाला देता येत नाही. तिने ती पापणी मिटली, फॉर्मवर 'डावा : काढला नाही' असं लिहिलं आणि उजव्याकडे वळली.

पडदा अर्धा कापून झाला असेल, तोच वीज गेली. कपाळावरची बॅटरीही एकदा फडफडून विझली.

मिट्ट काळोख झाला. कात्री डोळ्यात, हात अधांतरी. आता हात जरासा हलला तरी म्हातारीची इच्छा मातीत जाणार होती.

"रघुवीरदादा..." ती श्वास रोखून पुटपुटली, "टॉर्च..."

तिच्या डाव्या खांद्यावरून उजेड आला. पिवळसर, अगदी स्थिर. मागून विडीचा वास येत होता.

"थोडा... खाली..."

उजेड खाली सरकला. कात्री जिथे जाईल तिथे तो आधीच पोचलेला असे. इतका जाणता हात तिला ऑपरेशन थिएटरातही मिळाला नव्हता. पडदा अलगद सुटला, बाटलीत उतरला, झाकण लागलं.

"फार उपकार झाले, दादा," म्हणत ती वळली.

वळताक्षणी उजेड गेला. चाचपडत ती दारापाशी गेली. कडी आतूनच लागलेली होती.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. पण ओरडावंसं वाटलं नाही. तिने काळोखातच हात जोडले आणि वीज येईपर्यंत तशीच उभी राहिली.

दिवे आल्यावर तिने उजव्या डोळ्यावर आकार राखणारी प्लास्टिकची टोपी बसवून पापणी मिटली. डावी पापणी किंचित उघडली होती. नीट करावी म्हणून तिने ती उचलली.

पांढऱ्या कडेच्या आतली पडद्याची चकती नव्हती. रक्ताचा थेंब नाही, पात्याची खूण नाही. इतका स्वच्छ गोल तिच्या सरावलेल्या हातालाही कधी जमला नव्हता. तिथून नुसता काळोख तिच्याकडे बघत होता.

तिने तिथेही टोपी बसवली.

पुढच्या आठवड्यात सुभद्राबाईंच्या उजव्या डोळ्याने एका बाळंतिणीने आपल्या लेकीचं तोंड पहिल्यांदा पाहिलं. ते सांगायला मनवा त्या घरी पुन्हा गेली तेव्हा सगळे रडले. पण ते नंतरचं.

त्या दुपारी ती बाहेर आली, तेव्हा रमाबाईंनी तिचे दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले.

"बाय माझी, मोठं पुण्य केलंस. दोन्ही घेतलंस मां?"

मनवाने बर्फाची पेटी छातीशी धरली. पेटीत बाटली एकच होती.

"नाही, आजी... मी... एकच घेतला."