एकशे चाळीस पावलांवरची गोळी

रॉयच्या कुरणातून पळालेला जखमी कायोटी बर्फ पडायच्या आत शोधायचा आणि त्याची तडफड थांबवायची, एवढ्याच कामासाठी आम्ही तिघं त्या सकाळी निघालो. गोळी मी झाडली होती. त्यामुळे घरी थांबणं मला शक्यच नव्हतं.

१९८३चा सप्टेंबर सरत आला होता. मी, संध्या खोब्रागडे, लोकरीवर संशोधन करायला नागपूरहून अमेरिकेत आले होते आणि वायोमिंगमधल्या रॉयच्या मेंढ्यांच्या रँचवर दोन महिने मुक्कामाला होते. त्या आठवड्यात मेंढ्या तपासायला डॉ. धर्मराज मेश्रामही आले होते. पशुवैद्य, माझ्या वडिलांचे जुने मित्र. मी त्यांना काका म्हणायचे.

तीन आठवड्यांत कायोटींनी रॉयची अकरा कोकरं मारली होती. कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून लहान असं हे जनावर. थेट गळा धरतं! रॉयची मोठी रायफल दुरुस्तीला गेली होती. घरात उरली होती सशांसाठी ठेवलेली हलकी पॉइंट टू-टू रायफल. आणि मी तर कॉलेजात, एनसीसीत, तसल्याच रायफलवर कप जिंकलेला!

त्या दिवशी उजाडताच तो कुंपणापलीकडे दिसला. एकशे चाळीस पावलांवर. मी नेम धरला, श्वास रोखला, चाप ओढला. कायोटी गर्रकन फिरला, स्वतःच्याच कुशीला चावला आणि टेकड्यांकडे धावत सुटला.

"लागली!" मी ओरडले.

"लागली खरी," रॉय म्हणाला. "मरेल कुठेतरी. चल, कॉफी घेऊ."

काका मात्र कुंपण ओलांडून त्या जागी उकिडवे बसले. रक्तानं माखलेली गवताची एक काडी त्यांनी नाकाशी नेली. रक्त काळपट होतं आणि त्याला आंबूस घाण येत होती.

"पोटात लागलीय," ते म्हणाले. "हा आज मरत नाही, संध्या. उद्या. कदाचित परवा."

कागदाच्या निशाणाला पोट नसतं.

"मी जाते त्याच्या मागे."

"बर्फ येतोय, पोरी," रॉयनं उत्तरेकडे बोट दाखवलं. तिकडे आभाळ शिशासारखं झालं होतं. "आणि कोकराचा गळा धरताना तो फार विचार करतो का?"

"त्याच्याकडे दुसरं हत्यार नाही," काका शांतपणे म्हणाले. "आपल्याकडे मोठी रायफल होती, आणि ती दुरुस्त होऊन येईपर्यंत आपण थांबलो नाही."

रॉयनं पुटपुटत पिकअपची किल्ली काढली. स्वतःच्या जमिनीवर दोन परक्या माणसांना वादळात सोडणारा तो माणूस नव्हता.

कोरड्या ओढ्यापाशी पिकअप सोडावी लागली. तिथून पुढे चालणं. गुडघ्याएवढी राखाडी झुडपं मैलोनमैल पसरलेली, त्यांचा कडवट औषधी वास नाकात भरलेला, आणि मधूनमधून पावसानं कापलेल्या लाल मातीच्या घळी; एकीत उतरून वर यावं, तर समोर हुबेहूब तशीच दुसरी. वाऱ्याला क्षणाचीही उसंत नव्हती, आणि मलाही. रक्ताचा थेंब दर वीस पावलांवर सापडे. मग चाळीस. मग नाहीच! उघड्या खडकावर मी वेड्यासारख्या घिरट्या घातल्या. एका झुडपाखाली माती चेपलेली दिसली.

"इथे बसला होता," काका म्हणाले. "दुखतंय त्याला. दमतोय."

"डॉक्टर, तुम्ही बुद्धिस्ट ना?" रॉयनं विचारलं. "मारू नका, असं सांगतात ना तुमच्यात?"

"सांगतात. तडफडत सोडून कॉफी प्या, असं मात्र कुठेच सांगितलेलं नाही."

रॉय हसला नाही. पण त्यानंतर तोही वाकून थेंब शोधू लागला.

माग एका उंच, ठिसूळ दगडांच्या उतारावर गेला. अर्ध्यावर काकांच्या पायाखालची चीप सटकली. खडखड! काका दहा-बारा फूट घसरत गेले आणि गुडघा धरून पडले. धावत जाऊन पाहिलं, तर गुडघा बघता बघता सुजत होता. आणि त्याच वेळी पहिला बर्फ आला. आडवा, सुईसारखा!

"संपलं," रॉय म्हणाला. "मागे फिरायचं."

"काका, मला अर्धा तास द्या. फक्त अर्धा!"

काकांनी रॉयकडे पाहिलं. रॉयनं शिवी हासडली आणि काकांना एका कपारीत टेकवलं. "मी यांच्यापाशी थांबतो. तू ही शेजारची घळ सोडू नकोस. ती खाली येते ती इथेच. पंधरा मिनिटं जायला, पंधरा यायला. घड्याळ बघ!"

मी एकटीच वर चढले. खुणा बर्फाखाली बुजत होत्या. दहा मिनिटं. बारा. चौदाव्या मिनिटाला तो दिसला! कड्याच्या पोटाशी, पोटाखाली पाय घेऊन बसलेला. तो उठला नाही. पिवळ्या डोळ्यांनी नुसता बघत राहिला.

या वेळी मी लांबून चाप ओढणार नव्हते. वीस पावलं. पंधरा. दहा. त्यानं ओठ मागे ओढून दात दाखवले. मी कानाखाली नेम धरला.

खट्! गोळी सुटलीच नाही!

मी बोल्ट मागे खेचून फुसकी गोळी काढली. गारठलेल्या बोटांतून नवी गोळी बर्फात पडली. दुसरी काढली. कायोटी धडपडत उभा राहिला, त्यानं माझ्याकडे एक पाऊल टाकलं, आणि मागचे पाय गळून तो खाली बसला.

ठो!

त्यानं मान टाकली. पापणीला बोट लावून पाहिलं. हालली नाही. मग घड्याळ पाहिलं आणि मागे फिरले.

परतताना समोरचा हातही दिसत नव्हता. घळीच्या भिंतीला खांदा घासत मी उतरले. रॉयची शिट्टी ऐकू आली तेव्हा रडूच फुटलं. काकांना दोघांच्या मध्ये घेऊन, पडत, उठत, वाऱ्याला पाठ देऊन श्वास घेत आम्ही दोन तासांनी पिकअपला पोचलो. काकांचे ओठ निळे पडले होते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं, काका."

"बरं," म्हणून त्यांनी डोळे मिटले.

चौथ्या दिवशी, बर्फ वितळल्यावर, दुसरा कायोटी आला. दीडशे पावलांवर. हातात तीच पॉइंट टू-टू. मी नेमही धरला होता. मी रायफल खाली घेतली आणि आरडाओरडा करत कुरणातून धावले. तो पळाला, पण एक कोकरू पाडूनच. मी पोचले तेव्हा कोकराचे पाय अजून झटकत होते. मग तेही थांबले.

रॉय मागून आला. त्यानं सगळं पाहिलं होतं.

"गोळी का नाही मारलीस?"

"लांब होता."

"हे कोकरू माझं होतं."

"हो," मी म्हणाले. आता हा मला जायला सांगेल, असं वाटत होतं.

रॉयनं खाली वाकून कोकराचे मागचे पाय धरले.

"पुढचे तू धर," तो म्हणाला.

कोकरू अजून ऊन होतं. आम्ही दोघांनी ते उचललं आणि बाकीच्या मेंढ्यांपासून लांब नेलं.