साठ ते सत्तर

दातांच्या दवाखान्याचं आतलं दार नीट लागत नव्हतं. नाहीतर माझी शोभा बाहेर कुणाला ऐकू गेली असती?

"साठपासून सत्तरपर्यंत म्हणा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"थाठ... एकथष्ट... बाथष्ट..."

"पुरे! प्लेट घालत नाही तुम्ही."

"घालते हो! जेवताना काढते तेवढीच."

त्यांनी माझी टाळूवरची, दात सरळ करायची प्लेट काढून हातात घेतली, आरशाने पुढचा वाकडा दात पाहिला आणि प्लेट परत बसवली. "दात तर सरकलाय की! म्हणजे घालता. मग जीभ का नाही वळली? प्लेट घालून बोललं की महिनाभरात बोबडेपणा जातो. घरी कोणाकोणाशी बोलता?"

"घरी... मीच अथते."

एवढं बोलून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई गेल्यापासून मी एकटीच राहते. काम घरूनच. कानात हेडफोन घालायचे आणि दुसऱ्यांची बोलणी ऐकून टाइप करायची. दिवसभर जगाचं ऐकते, पण माझा आवाज मला ऐकू येतो तो दूधवाल्याला "एकच पिशवी" म्हणताना. हे मी ताईलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं, आणि या चार तारांच्या प्लेटने ते चव्हाट्यावर आणलं.

बाकावर एकजण बसला होता. मी बाहेर आले तसा तो जमिनीकडे बघायला लागला. म्हणजे सगळं ऐकलं होतं मेल्याने! तो आत गेला तेव्हा मग मीही चप्पल घालायला मुद्दाम वेळ लावला.

"मास्तर, साठ ते सत्तर," आतून आवाज आला.

"थाठ, एकथष्ट..."

"आणि दात तसूभर हललेला नाही! प्लेट खिशात ठेवायला दिलीय का?"

"मुलं हथतात हो, बाई. भूगोल शिकवतो. 'थमुद्रथपाटी' म्हटलं की अख्खा वर्ग बाकाखाली."

मला हसू आवरेना. चप्पल तशीच पायात अडकवून मी पळाले, पण प्लेट काढून खिशात टाकत त्याने मला जिन्यात गाठलंच.

"हसा, हसा! तुम्ही घालता पण बोलत नाही. मी बोलतो पण घालत नाही. दोघांचा मिळून एक शहाणा पेशंट होईल."

"मग काय, वाटणी करायची?" बोलून गेले आणि जीभ चावली... प्लेटसकट.

"रोज रात्री आठ वाजता फोन करतो. दोघांनीही प्लेट घालून बोलायचं. मी हसणार नाही."

"मी हथणार," मी म्हटलं.

पहिल्या दिवशी दोघांनी नुसते आकडेच म्हटले. दुसऱ्या दिवशी त्याने मला समुद्रसपाटी दिली, मी त्याला 'सासूबाईंची सुरेख साडी' दिली. मग आकडे मागे पडले. त्याच्या खोलीच्या खिडकीचं दार वाऱ्याने कसं आपटतं ते कळलं. त्याला स्वयंपाकात फक्त भात येतो, तोही चिकट, हे कळलं. मी आईबद्दल बोलले. आई गेल्यावर तिच्याबद्दल मोठ्याने बोलले ती पहिल्यांदाच. त्याने मध्ये एकदाही "होईल सगळं ठीक" म्हटलं नाही. मला फार बरं वाटलं.

पण फोन ठेवला की घर आधीपेक्षा जास्त रिकामं वाटायचं. मग त्याचाच राग यायचा. सुखाने एकटी होते की मी!

आणि एक दिवस माझा 'स' स्वच्छ आला. त्याचा तर आदल्याच दिवशी आला होता. दोघांनीही ऐकलं आणि कुणीच काही बोललं नाही. बोबडेपणा गेला की सराव संपणार... आणि सराव संपला की फोन कशाला करायचा?

पुढच्या तपासणीला आधी तो आत गेला.

"थाठ... एकथष्ट..."

मी बाकावर ताडकन सरळ बसले.

"मास्तर, दात छान सरकलाय. मग हे काय?"

"थवय होत नाहीये, बाई. थराव वाढवतो."

अरे लबाडा! मला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते. माझा नंबर आला. मलाही "थाठ" म्हणता आलं असतं. सोपं होतं, उद्या आठला फोन आला असता. पण मी साठ ते सत्तर घडाघडा म्हणून टाकले.

"शाब्बास! तुमचा सराव संपला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तो जिन्यात उभा होता. चेहरा पडलेला.

"मोकळ्या झालात," तो म्हणाला. "मी मात्र तिथे भर दवाखान्यात बोबडा झालो. तुमच्यासाठी."

"ऐकलं मी."

"मग तुम्हालाही एक 'थाठ' म्हणायला काय झालं होतं?"

"बोबडी आहे म्हणून येणारा फोन मला नको होता."

"मग कसला हवाय?"

"उगाचचा." आता थांबायचं नव्हतं. "काही कारण नसताना केलेला. मला तू आवडतोस. आणि आठ वाजेपर्यंत मला थांबवत नाही. आत्ता बोल."

दिवसभर पोरांपुढे बोलणारा तो... नुसता बघतच राहिला. कान लालेलाल झालेले.

"'आवडतोस'मधला 'स'... स्पष्ट आला," एवढंच म्हणाला आणि त्याने माझा हात धरला.

मग मीच बोलायला लागले. घर येईपर्यंत मीच बोलत होते.