साडेसहाशे वॉटचं खोकं

"लांब उभे राहा रे, आत कुणी डोकवायचं नाही," दुरुस्तीवाले काका तिसऱ्यांदा म्हणाले आणि वकीलच्या मनात पाल चुकचुकली.

वकील म्हणजे बारा वर्षांची मुलगी. शंका काढल्याशिवाय तिला जेवण जात नसे, म्हणून हे नाव. ती आणि तिचा धाकटा भाऊ भुंगा सुट्टीला मावशीकडे आले होते. मावशी एकटीच संगणकावर कार्टून फिल्म करायची. चार महिने खपून केलेली फिल्म आज सहाच्या आत स्पर्धेला पाठवायची होती आणि जुनं ग्राफिक्स कार्ड दर दहा मिनिटांनी मान टाकत होतं. म्हणून काका नवं दांडगं कार्ड बसवत होते.

"काका, याला वीज पुरेल ना?"

"अगं, साडेसहाशे वॉटचा पॉवर सप्लाय आहे. मीच दिलाय. हे बघ खोकं." काकांनी कपाटावरचं रिकामं खोकं तिच्या हातात कोंबलं आणि पिशवीतून एका वायरीच्या दोन करणारी जोडवायर काढली.

भुंगा कानाशी गुणगुणला, "ताई, खोक्यावरच्या चित्रात कार्डासाठी दोन वायरी आहेत. आत एकच दिसतेय. मग दुसरी गेली कुठे?"

"आणि काका जोडवायर का लावतायत?"

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. ते बोलत बोलत गॅलरीत गेले. वकीलने आधी भिंतीतला प्लग काढलेला आहे ना, ते पाहिलं. मग दोघांनी संगणकाच्या पेटीची दुसरी बाजू उघडली, कारण सप्लायचं लेबल तिकडे होतं. मागचे दोन स्क्रू हातानेच सुटले.

लेबलवर साडेतीनशे वॉट लिहिलं होतं.

भुंग्याने खोक्यांवरचे आकडे घेऊन वहीत बेरीज केली. "कार्ड दोनशे वीस, प्रोसेसर सव्वाशे, बाकी पन्नास. तीनशे पंच्याण्णव वॉट लागतात गं."

काकांनी सप्लाय चोरला की काय? पण मग खोकं इतक्या आत्मविश्वासाने कशाला दाखवतील? तिने मावशीला हाक मारली.

मावशीने लेबल वाचलं आणि म्हणाली, "थांबा. गेल्या वर्षी आतला पंखा आवाज करतो म्हणून तो खोक्यातला सप्लाय त्यांनी दुकानात नेला होता. तात्पुरता दुसरा बसवून गेले होते. दोन दिवसांत बदलतो म्हणाले."

"आणि दोघंही विसरलात," वकील म्हणाली.

गॅलरीतून आलेल्या काकांनी लेबल पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "दुरुस्त होऊन दुकानात फळीवर पडलाय तो. तुमच्या नावाची चिठ्ठी लावून." ते चप्पल न घालताच जिना उतरू लागले. मावशीने वरून चपला टाकल्या.

अर्ध्या तासात खरा सप्लाय बसला. जोडवायर पिशवीत परत गेली. फिल्म न अडखळता तयार होऊ लागली आणि सहाला नऊ मिनिटं असताना पोहोचल्याचा निरोप आला. मावशी खुर्चीतच रडली.

"पोरांनो, तो छोटा सप्लाय मध्येच बंद पडला असता तर माझे चार महिने पाण्यात गेले असते," ती म्हणाली. "मी काकांना सप्लायबद्दल पाच वेळा विचारायला हवं होतं. मी एकदाही विचारलं नाही."

काकांनी कान पकडले. "चूक माझी. वीस वर्षं हे काम करतोय, आणि आज खोकं वाचून मोकळा झालो. वकीलबाई, उद्या आणखी एकांचा संगणक उघडायचाय. येता का बरोबर?"

"येईन," वकील म्हणाली. "पण लेबल आधी मी वाचणार."