कोपर हलवायचं नाही

कॉफी घेऊन मी आमच्या रांगेत वळले आणि पाहिलं – बाबांच्या खुर्चीवर कुणीतरी बसलं होतं.

निळा स्वेटर, मांडीवर भाजलेल्या शेंगांची पिशवी, आणि चेहऱ्यावर इतका निवांतपणा, की जणू ती खुर्ची त्याच्याच नावावर आहे.

बाबा मार्चमध्ये गेले. एकेचाळीस वर्षं त्या दोन जागा आमच्याच होत्या. एप्रिलपासून मी एकीवर बसत होते आणि दुसरी रिकामी ठेवत होते. "इथं कुणी आहे का?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "येताहेत." आज बेसबॉलच्या मोसमातला शेवटचा रविवार. पुढच्या वर्षापासून एकच जागा पुरे, असं सांगायला मी संघाच्या तिकीटखिडकीवर गेले होते. तिथल्या रांगेतच चार डाव संपले. माझा नंबर आला तेव्हा आतल्या बाई म्हणाल्या, "सामना संपल्यावर या."

"माफ करा," मी म्हणाले, "ही जागा मोकळी नाही."

त्यानं गडबडून खिशातून तिकीट काढलं. "एकशे पंधरा, रांग सहावी, खुर्ची चौथी..."

"हा एकशे सोळा विभाग आहे."

"अरेच्चा! म्हणजे चार डाव मी..." तो उठायला लागला.

मागून एक हाडकुळा हात आला आणि त्यानं त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. तो हात मिसेस पेट्राकचा. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, आणि मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून आमच्या मागच्या रांगेत.

"हलायचं नाही!"

"पण ह्यांची जागा..."

"असू दे कुणाची का असेना. लिडिया, फलक बघ. तोंडानं काही बोलू नकोस, नुसतं बघ."

मी फलक पाहिला. समोरच्या संघाचे फटके – शून्य. चार डाव झाले होते आणि आमच्या ओरेल टॅगर्टनं त्यांना एकही चेंडू धड मारू दिला नव्हता. सगळे नऊ डाव एखाद्या पिचरनं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यानं, असे काढले तर त्या पराक्रमाला एक नाव आहे. सामना चालू असताना ते नाव कुणी उच्चारत नाही. आणि जो जिथं बसलाय तिथून हलत नाही. आमच्या हेरन्स संघानं मोठा चषक जिंकला त्याला त्रेसष्ट वर्षं झाली; बाबा त्याच्या पुढच्या वर्षी जन्मले. एवढ्या वर्षांत कुणीतरी, कधीतरी, नको तेव्हा हललं असणार, असं ह्या गावाचं पक्कं मत आहे.

मी गुपचूप माझ्या खुर्चीवर बसले.

"एमेट," तो हळूच म्हणाला.

"लिडिया."

"समजा, मी उठलो आणि नेमका फटका बसला, तर?"

"तर ह्या गावात तुम्हाला कुणी पाव विकणार नाही."

"आणि नाही उठलो तर तुम्ही रागावणार."

"रागावलेच आहे."

"कळतंय. कॉफी हिंदकळतेय."

मी दुसरीकडे पाहिलं. सरोवरावरून वारा येत होता, ऊन होतं तरी गार. पाणपक्षी नेहमीसारखे आधीच कठड्यावर येऊन बसले होते – सामना संपला की सांडलेलं खायला.

सहाव्या डावात आमच्या एका क्षेत्ररक्षकानं अक्षरशः हवेत आडवं होऊन चेंडू पकडला. सगळे ओरडले, आणि शांत झाले तेव्हा लक्षात आलं – दोन खुर्च्यांमधल्या एकाच हातावर एमेटचं कोपर आणि माझं कोपर एकमेकांना टेकून बसलंय.

"तुमचं कोपर..." मी म्हणाले.

"माहितेय. काढून घेऊ?"

"काढून तर बघ!" मागून मिसेस पेट्राक.

मग ते तसंच राहिलं. सातवा डाव... आठवा डाव... स्वेटरच्या लोकरीतून ऊब येत होती. मी फलकाकडे पाहत राहिले. तो एका हातानं शेंगा फोडत होता. पहिल्या डावापासून डाव्याच हातानं फोडल्यात, आता बदलता येणार नाही, म्हणाला. चार फोडल्या की त्यातले दाणे माझ्या तळहातावर.

तो शाळेत भूगोल शिकवत होता. दोन वर्षांपूर्वी इथं आला, अशा शहरातून जिथला संघ दर चार-पाच वर्षांनी चषक घरी नेतो.

"मग त्यांचीच बाजू का नाही धरलीत?"

"तिथं लोक जिंकले की लगेच घरी जातात. इथं हरल्यावरही बसून राहतात. मला वाटलं, ह्या माणसांजवळ बोलायला काहीतरी असणार."

"फक्त तक्रारी असतात."

"त्याही चालतील," तो म्हणाला – आणि ह्या वेळी त्यानं मैदानाकडे पाहिलं नाही.

मला घाईघाईनं कॉफी प्यावी लागली. ती केव्हाच थंड झाली होती.

नववा डाव. पहिला बाद, दुसरा बाद. तीस हजार माणसं आणि चिडीचूप. तिसऱ्यानं चेंडू नुसता ढकलला. तो बिचारा उडाला आणि आमच्या दोघा क्षेत्ररक्षकांच्या बरोबर मध्ये पडला. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले.

फलकावर शून्याचा एक झाला. गावानं एक सुस्कारा सोडला. पाठ असलेला. पुढच्या फलंदाजानं तर चेंडू थेट प्रेक्षकांत धाडला – दोन धावा. आमचे तिघे आले, गेले, आणि दोन विरुद्ध एक असे आम्ही हरलो. मग सगळे उभे राहिले आणि त्यांनी टॅगर्टसाठी खूप वेळ टाळ्या वाजवल्या.

एमेटनं कोपर उचललं. "सुटलो. एकशे पंधरामध्ये माझी खुर्ची वाट बघत असेल." पिशवी घेऊन तो पायऱ्यांपर्यंत गेलासुद्धा. माझ्या हाताला वारा लागला.

"एमेट..."

तो वळला.

"कुणी येणार नव्हतं. ती माझ्या बाबांची जागा. मार्चमध्ये वारले ते."

ह्या मैदानात हे वाक्य मी कधीच उच्चारलं नव्हतं.

तो परत आला. उभाच राहिला, आणि अगदी मनापासून त्यानं विचारलं, "सगळ्यात जास्त शिव्या कुणाला द्यायचे?"

मला हसू फुटलं. सहा महिन्यांत किती माणसं भेटायला आली, पण हे कुणी विचारलं नव्हतं.

"बसा," मी म्हणाले. "यादी मोठी आहे."

तो बसला. मी एकेक नाव सांगत गेले. कोणत्या साली कुणी चेंडू सोडला, बाबांनी घरी येऊन जेवणाचं ताट कसं बाजूला सारलं. काही नावांवर तो "बरोबर आहे!" म्हणून मांडीवर थाप मारत होता. झाडूवाले आमच्या रांगेपर्यंत आले.

"ही जागा आज सोडणार होते मी," मी म्हणाले.

"आणि आता?"

"एप्रिलमध्ये या. इथंच."

"एप्रिल? सहा महिने!"

"आम्ही त्रेसष्ट वर्षं थांबलोय."

"मी नवीन आहे हो," तो म्हणाला. "मला एवढी सवय नाही."

मिसेस पेट्राक अजून गेल्या नव्हत्या. "मंगळवारी भेटू म्हण, पोरी. ह्या संघाच्या नादात लग्नाआधी पेट्राकला मी दोन मोसम ताटकळत ठेवलं होतं. उगाच."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"मंगळवारी," मी म्हणाले, आणि दोन जागांचं सांगायला खिडकीकडे निघाले. तो न विचारताच बरोबर आला.