कनिष्ठेचं हसू

माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली, की सत्यभामाबाईंच्या घरात भादवा आला असं समजावं. त्या पेटीत, पिंजलेल्या कापसात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोन महालक्ष्म्यांचे शाडूचे मुखवटे वर्षभर निजलेले असतात. मोहाडीतलं हे विणकरांचं घर. माग कधीचे थांबले, मुलगा चंदन वरठीच्या कारखान्यात जाऊ लागला, पण महालक्ष्म्यांचं येणं काही थांबलं नाही. यंदाही बाईंनी दोघींना मांडीवर घेऊन मऊ फडक्यानं पुसलं. ज्येष्ठा गंभीर. कनिष्ठा हसरी, अशी, की बघणाऱ्याच्याही ओठांना हसू फुटावं.

समोर वाती वळत बसलेल्या सुनेला मात्र ते फुटलं नाही.

आषाढात एका सकाळी करुणा झोपेतून उठली, तेव्हा तिच्या चेहऱ्याची डावी बाजू जागी झालीच नव्हती. डोळा मिटेना, ओठाचा कोपरा खाली ओघळलेला, चहाचा घोट हनुवटीवर. भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणाले, नस सुजली आहे, धीर धरा, हळूहळू परत येईल. डोळ्यात थेंब टाकायचे, झोपताना डोळ्यावर पट्टी लावायची, रोज फुगा फुगवायचा. करुणा इमानानं फुगा तोंडाला लावी. फू… फू… वारा सगळा डावीकडून निसटून जाई.

एरवी तिनं ते सोसलं असतं. पण पोरगी, रीना, नुकती रांगू लागली होती. आईचं हसणं बघून हसायचे तिचे दिवस. करुणा तिला पाजतानाही डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेई. रीना तो पदर धरून ओढी, आणि करुणा तोंड फिरवी.

"आई, हे तोंड पाहून पोरगी भेईन," ती म्हणाली. "मी सुधरेपर्यंत मले विसरून त नाही जाईन?"

"काहीबाही बोलू नको बाप्पा," बाई म्हणाल्या. "घरी कोण येऊन रायली ते पाय."

बाईंचा विश्वास पक्का होता. सोळा सोमवार, हरतालिका, कार्तिकातलं काकडस्नान, त्यांनी आयुष्यात एकही व्रत अर्धवट सोडलं नव्हतं, आणि देवानंही त्यांना कधी अर्ध्यावर सोडलं नव्हतं. स्थापनेच्या संध्याकाळी, कनिष्ठेला नथ घालताना, त्या तिच्या कानाशी वाकल्या.

"माय, तुझं हसू माझ्या सुनेच्या तोंडावर ठेव. दुसरं काही मांगत नाही."

दुसरा दिवस जेवणाचा. आंबील, पुरणपोळ्या, कटाची आमटी, सोळा भाज्या. वर फुलोरा टांगलेला. घरभर तुपाचा, केवड्याचा आणि धुपाचा दाट वास. आभाळ भरून आल्यामुळे दुपारीच खोल्यांमध्ये अंधारून आलं होतं. आरती झाली, दोन्ही ताटं वाढली, आणि रीतीप्रमाणे बाईंनी सगळ्यांना बाहेर काढून देवीच्या खोलीचं दार लोटलं. कडी लावली. महालक्ष्म्या जेवतात तेव्हा कोणी बघायचं नसतं. सासूनं सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूनं.

ओसरीवर बायका दबक्या आवाजात बोलत बसल्या. शेजारच्या सुंदरबाईंना दबका आवाज जमत नसे.

"सूनबाई दिसत नाही वो? का तोंड लपवून बसली? माह्या माहेरी एकीचं असंच झालं होतं. नाही सुधरली मंग."

"चुलीपाशी असंन," बाई म्हणाल्या. "आणि सुंदरबाई, तुमच्या माहेरी कोणी कधी सुधरलं का जी?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तेवढ्यात चंदन रीनाला कडेवर घेऊन मागच्या दारानं आला.

"आई, करुणा कुठी आहे? चुलीपाशी त नाही."

आणि तेव्हाच बाईंना आतून बांगड्या ऐकू आल्या.

त्यांनी दाराला कान लावला. करुणा लोकांची नजर चुकवून मखराच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन बसली असणार, आणि आपण न बघता कडी लावली. पुन्हा बांगड्या वाजल्या. आधी हिरव्या काचेच्या, करुणाच्या. मग दुसऱ्या, जड. मग वाटी सरकल्याचा आवाज. मग…

फू… फू…

कोणीतरी फुंकत होतं. आधी निसटता, ओलसर वारा. मग हळूहळू भरीव, गोल, नीट.

"आई, दार खोला," चंदन कुजबुजला. "ते आतमंदी आहे…"

बाईंचा हात कडीवर गेला. तिथंच थांबला. आत सून होती, आणि आत देवीही होती. जेवत्या देवीवर दार उघडायचं? मायेच्या घरात लेकीला कसली भीती?

"जेवू दे तिले," त्या ठाम म्हणाल्या. कोणाला ते त्यांनाही कळलं नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी कडी काढली.

करुणा ताटांसमोर बसली होती. डोक्यावर पदर नव्हता. तिनं मान वर केली आणि ती हसली. दोन्ही बाजूंनी. दोन्ही डोळ्यांनी.

ओसरीवर एकच गलका झाला. सुंदरबाईंनी तर उंबऱ्यावरच लोटांगण घातलं. चंदनला रडू आवरेना. बाईंनी हात जोडून कनिष्ठेकडे बघितलं, आणि जोडलेले हात तसेच राहिले.

कनिष्ठेच्या हनुवटीच्या डाव्या बाजूनं आंबिलीचा एक ओघळ खाली आला होता. ओठाचा डावा कोपरा खाली उतरला होता. दमट हवा, जुना शाडू, बाईंनी मनाला समजावलं.

"घे तुह्या पोरीले," त्या करुणाला म्हणाल्या. "आता कायचा पदर!"

चंदननं रीनाला तिच्या मांडीवर ठेवलं. करुणा खाली वाकली, पोरीसमोर हसली. रीना क्षणभर बघत राहिली आणि किंचाळून रडू लागली. अंग ताठ करून, मागं मागं सरकत. मग मांडीवरून निसटून ती भरभर रांगत मखरापाशी गेली, कनिष्ठेच्या साडीचा पदर मुठीत धरून उभी राहिली, त्या वाकड्या तोंडाकडे बघितलं, आणि खुदकन हसली.

"दागिने चमकते ना, लेकराले तेच दिसते," सुंदरबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या. करुणाही हसली. ती हसतच होती.

तिसऱ्या दिवशी चंदननं आईला बाजूला घेतलं. "आई, करुणा झोपीतही हासते वो. डोळे मिटत नाही. थेंब देऊ म्हटलं, त म्हणे मले कायले?"

निरोपाच्या वेळी देवीचा चेहरा उतरतो, असं गावातल्या बायका म्हणतात. यंदा बाईंनी अक्षता टाकल्या, पुन्हा ये माय म्हटलं, तेव्हा करुणा त्यांच्या शेजारीच उभी होती.

"येईन कायले?" ती हळूच म्हणाली. "मी गेलीच कुठी?"

ज्येष्ठेला बाईंनी कापसात निजवलं. कनिष्ठेला उचललं, तर तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी गळत होतं. पुसलं, पुन्हा गळलं. बाईंनी पेटीचं झाकण लावून टाकलं आणि मुखवटा देवघरात पाटावर ठेवला, तोंड उघडं ठेवून.

त्या घाबरल्या नाहीत. देवीनं हसू दिलं, तशी परतीची वाटही तीच दाखवील, आणि डॉक्टर म्हणालेच होते की धीर धरा, हळूहळू परत येतं. रोज दिवेलागणीला त्या शाडूच्या डोळ्यात थेंब टाकतात, वर पट्टी लावतात, आणि रीनाला समोर बसवतात. पोरगी टाळ्या वाजवते.

काल त्यांनी समई लावली. स्वयंपाकघरात करुणाच्या बांगड्या वाजत होत्या. रीना मुखवट्याकडे बघून हसली, आणि बाईंना अगदी जवळून ऐकू आलं,

फू…

निसटता, ओलसर, डावीकडून. समईची ज्योत आडवी झाली.

स्वयंपाकघरातल्या बांगड्या थांबल्या.