पूर्ण नाव

“आयला, लय धूर हाय!”

कोलकात्याच्या गल्लीतलं एवढंसं जुनं चिनी देऊळ, आणि उदबत्त्यांच्या धुरातून विट्याकडची मराठी! मी दचकून वळले. डोळे चोळत एक तरुण उभा होता.

“सांगलीकडचे तुमी?”

“व्हय. इथं सोनं गाळायचं दुकान हाय आमचं, गलाईचं. तुमी?”

“स्वप्नाली. आळसंदची. इंद्रजितदादाकडं आलेय, वहिनीच्या बाळंतपणाला.”

त्याचं हसू एकदम मावळलं.

“तुमचं नाव?”

“माझं... शिवा म्हणत्यात.”

“गाव?”

“तिकडंच की... विट्याच्या अंगाला.”

गावाचं नाव चोरणारा आपल्याकडचा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. पर्स घट्ट धरली. निघाले मात्र नाही— धुरानं लाल झालेले ते डोळे सारखे माझ्याकडं वळत होते, आणि मी बघितलं की पटकन लाल चेहऱ्याच्या, लांब दाढीच्या देवाकडं.

देवळातल्या चिनी म्हातारीनं त्याच्या हातात काड्यांनी भरलेला बांबूचा डबा दिला. हलवायचा, पडेल ती काडी म्हणजे देवाचं उत्तर.

“पहले पूरा नाम बोलो. बाप का भी. नहीं तो भगवान किसको जवाब देगा?”

तो घुटमळला. माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, “शिवतेज... नानासो... पवार.”

माझ्या कानशिलांत रक्त चढलं. दिवाळीत याच्याच घरातून मला लग्नाला नकार आला होता!

“म्हणून नाव लपवलं व्हय? मी काळी म्हणून नाकारली, असं गावभर झालं. आई रडली माझी.”

“फोटो बघितलाच न्हवता मी,” तो कसाबसा म्हणाला. “भट्टीच्या वर खोली हाय माझी. दिवसभर ॲसिडचा वास. तिथं कुणाची पोरगी आणायची? म्हणून न बघताच नको म्हटलं... चुकलंच.”

“आणि आता?”

“आता बघितलं.” त्यानं मान खाली घातली. “देवाला तेच विचारणार होतो... परत विचारलं तर चालंल का.”

खरं बोलत होता की गोड बोलत होता? मला अजून भरवसा वाटत नव्हता. तेवढ्यात त्यानं डोळे मिटून डबा हलवला. एक काडी टुणकन बाहेर पडली. म्हातारी पुढं आली, तसा मी काडीवर हात ठेवला.

“हे देव कशाला सांगंल? मी सांगीन. आधी ती खोली दाखवा. दादाला फोन करते, तोही येईल.”

“आत्ता?” तो पुरता गांगरला. “आवं, आवरलेली न्हाई ती...”

“म्हणूनच आत्ता,” मी म्हणाले, आणि चपला घालून त्याच्याआधी पायऱ्या उतरले.