बोगद्यातला जास्तीचा आकडा

भुतं अमावास्येला भेटतात म्हणे. मला जे भेटलं ते भर दुपारी, घामाघूम असताना, लॅपटॉपच्या पडद्यावर. हसू नका, ऐका.

दोन हजार एकवीस साल. आमच्या रेल्वेमार्गावर विजेच्या तारा चढल्या होत्या. पण पेडण्याकडच्या एका बोगद्यात चाचणीचं इंजिन शिरलं की वीज तुटायची. तीनदा तुटली. साहेबांनी खापर फोडलं लाइनमन कृष्णनाथांच्या माथ्यावर. म्हणे, यांनीच जोडणी ढिली ठेवली. शुक्रवारची चाचणी फसली की त्यांना घरी बसवायचं, असा कागदही तयार होता. निवृत्तीला सात महिने राहिलेला माणूस! माझं डोकंच फिरलं.

मी सुप्रिया, डिचोलीची, कंत्राटदाराची इंजिनिअर. माझं म्हणणं होतं, दोष हाताचा नाही, लयीचा आहे. नवं इंजिन तारेत बारीक, वेगवान लहरी सोडतं. तारेचीही स्वतःची एक लय असते. दोन्ही जुळल्या की झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्के बसावेत तसा विजेचा दाब चढत जातो, आणि यंत्रणा घाबरून वीज तोडते. उपकेंद्रातला फिल्टर त्या लयीवर लावला की काम फत्ते. पण लय कोणती? माझं मॉडेल म्हणे सेकंदाला साडेनऊशे, मोजणी म्हणे आठशे दहा. साहेब म्हणाले, "मॅडम, आधी घरचं भांडण मिटवा."

गुरुवारी सकाळी तार बंद करून, जमिनीला जोडून, मी कृष्णनाथांबरोबर बोगद्यात गेले. दहा पावलांत ऊन संपलं. ओल्या चिऱ्याचा वास, कुठेतरी टपटपणारं पाणी. तार तोलणारा एकेक कंस, तारेची एकेक उंची मोजली. सगळं नकाशाबरहुकूम. आणि मग मेलेली तार हळूच गुणगुणू लागली.

"कृष्णनाथ बाब... तार वाजता?"

"उलोवं नाका... मुखार चल." बोलू नको म्हणत ते झपाझप पुढे निघाले.

बाहेर आल्यावर माणसं झाडाखाली जेवायला बसली. कृष्णनाथांनी सगळ्यांच्या आधी एक पान बोगद्याकडे तोंड करून मांडलं, त्यावर आमटी-भात वाढला आणि बाजूला पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, गोल उंडो ठेवला.

"हे कोणाला?"

"राखणदाराक. ही वाट ताची. आमी जेवतना ताका पान मांडटांव." मग माझ्या लॅपटॉपकडे बघत म्हणाले, "तुज्या हिशोबांत तो खंय आसा, बाय?"

"त्याला हिशोबात कसा धरू?"

"आमकां धरतात तसो."

मी चिडले. भांडायला वेळ नव्हता. उपकेंद्रात येऊन तासभर डोकं आपटलं आणि शेवटी हट्टानं मॉडेलमध्ये एक जास्तीचा भार घातला. नाव नाही, गाव नाही. यंत्राला म्हटलं, किती मोठा नि कुठे, ते तूच ठरव.

उत्तर आलं: बोगद्यात तीनशे चाळीस मीटर आत. आणि तिन्ही वेळच्या मोजण्या माझ्या रेघेवर तंतोतंत बसल्या! आनंद झाला, आणि अंगावर काटाही आला. कारण ती जागा मी सकाळी हातानं चाचपली होती. तिथे तार आणि खडक यांशिवाय काही नव्हतं. तार गुणगुणली होती ती मात्र तिथेच.

रात्रीपर्यंत फिल्टर आठशे दहावर लावला. शुक्रवारी अकराला इंजिन बोगद्यात शिरलं. माझे डोळे उपकेंद्रातल्या दाबाच्या काट्यावर. काटा थरथरला, चढला... आणि खाली बसला. पलीकडून भोंगा वाजला. इंजिन पार! माणसं नाचायला लागली, कृष्णनाथांनी डोक्यावरचं हेल्मेट आभाळात फेकलं, आणि साहेबांनी तो कागद माझ्यासमोर फाडला. खरं सांगते, इतका आनंद मला डिग्री मिळाली तेव्हाही झाला नव्हता. हिशोब माझा होता आणि तो जिंकला होता.

साहेब शिट्टी वाजवत पणजीला निघून गेले. माणसं बाहेर पानं मांडू लागली. मी एकटी उपकेंद्रात बसून अहवालासाठी शेवटची मोजणी घेतली. रेघ सुरेख बसली. भार तोच, तेवढाच. फक्त जागा बदलली होती. तीनशे चाळीस मीटर बोगद्यात नाही. अंतर शून्य. उपकेंद्राच्या ज्या भिंतीपासून आमची तार सुरू होते, तिथे. त्याच भिंतीला माझी खुर्ची टेकलेली होती.

बाहेरून कृष्णनाथांची हाक आली, अगदी रोजच्यासारखी.

"बाय, पानां वाडल्यांत. येयात... दोगांय."